वरचं माणूस

त्या दुकानाची रीत जगावेगळी होती. गिऱ्हाईक एकटं आलं तर दुकानवाली त्याला मास्क दाखवायची, फिन्स घालून आरशासमोर बदकासारखं चालूही द्यायची. पण भिंतीतल्या पिवळ्या दाराच्या कपाटाला हात लावायची नाही. "त्यातलं एकट्याला मिळत नाही," म्हणायची. "वरचं माणूस घेऊन या."

वरचं माणूस म्हणजे काय, हे बंदरावरच्या डायव्हिंगच्या शाळेत नाव घातलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी कळायचं. नव्यानं समुद्रात उतरणाऱ्यानं आपलं एक माणूस होडीवर बसवायचं. त्या माणसानं गप्पा छाटायच्या नाहीत, फोटो काढायचे नाहीत. आपला माणूस पाण्याबाहेर कुठं डोकं काढतो तेवढं बघायचं. आणि ज्याला बघायचंय त्यानंच काय दिसतं नि काय ऐकू येतं ते ठरवायचं, असा दुकानवालीचा हेका. ती स्वतः ऐन तारुण्यात जहाजांचे तळ खरवडायला पाण्यात उतरायची. खांदे अजून तसेच होते, दारातून तिरकी होऊन आत यायची. "ओरडणाऱ्याला आपला आवाज मोठाच वाटतो," ती म्हणायची. "ऐकणाऱ्याला विचारा."

म्हणून त्या दिवशी सून दुकानाची पायरी चढली तेव्हा तिच्या मागोमाग सासूबाई होत्या, आणि सासूबाईंच्या गळ्यात, नेहमीप्रमाणे, पितळी शिट्टी होती.

खरं तर नवरा म्हणाला होता, "मी बसतो की होडीवर."

"तू?" सासूबाई म्हणाल्या होत्या. "तुझ्या नाकासमोर दूध उतू जातं आणि तुझी मान मोबाइलमधून वर येत नाही. तू पोरीला सांभाळ. मी जाते."

"आई, तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन—"

"झालं ना? मग आता नवी काच आहे. तुझ्यापेक्षा स्वच्छ."

सुनेच्या मनात वेगळंच घोळत होतं, आणि ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. मागच्या आठवड्यात उथळ पाण्यात सराव होता. ती शिकवल्याप्रमाणे सावकाश वर आली, तोंडातली नळी काढली, हात वर केला. होडी समोरच होती. पण होडीवर कुणाच्या तरी नाकातून रक्त आलं होतं आणि झाडून सगळे त्याच्याभोवती गोळा झाले होते. तिनं हाक मारली. इंजिन घरघरत होतं. तिची हाक तोंडातून निघाली आणि कुठं गेली कोण जाणे. चहाला आधण यायला लागतो तेवढाही वेळ गेला नसेल. मग मास्तरांनी वळून बघितलं, हात केला, झालं. पण तेवढ्या वेळात तिच्या डोळ्यांपुढं मुंगीच्या केसांतला गुंता आला. मुंगी म्हणजे तिची दोन वर्षांची लेक. तो गुंता न रडवता कसा सोडवायचा हे जगात आपल्या एकटीलाच माहीत आहे, असं तिला वाटलं.

तेव्हापासून ती रविवारची वाट बघत होती आणि रविवार येऊ नये असंही म्हणत होती. रविवारी खऱ्या समुद्रात पहिली बुडी. तिनं मनाशी ठरवलं होतं: एकदा जायचं. पुन्हा तसं झालं, वर येऊन आपण कुणाला दिसलोच नाही, तर सूट परत करायचा आणि गुडघा दुखतो म्हणून सांगायचं. गुडघ्याला कुणी साक्षीदार लागत नाही.

आणि गंमत अशी की तिचं नाव शाळेत घातलं होतं सासूबाईंनीच. मत्स्यालयातल्या काचेला नाक लावून मुंगी उभी होती आणि मुंगीच्या मागं तिची आई तशीच, नाक लावून. सासूबाईंनी ते बघितलं आणि घरी येऊन जाहीर केलं. "अहो आई, पोर लहान आहे अजून," सून म्हणाली, तर त्या म्हणाल्या, "ती नऊ महिने पाण्यात राहून आली. तुला तासभर जायला काय धाड भरलीय?"

सासूबाईंना सगळी वस्ती पंचबाई म्हणायची. आयुष्यभर त्यांनी फुटबॉलच्या सामन्यांत पंचगिरी केली. बाईमाणूस मैदानात शिट्टी घेऊन उभं राहिलं की आधी लोक हसायचे आणि पहिल्या पिवळ्या कार्डानंतर गप्प व्हायचे. सख्ख्या भावाचा गोल त्यांनी अंतिम सामन्यात रद्द केला होता. भाऊ वर्षभर बोलला नाही. "नाही बोलला तर नाही बोलला. पण पुढच्या वर्षी तोच आला सांगायला, ताई, आमच्या सामन्याला पंच तूच हवीस." हे सांगताना सासूबाई शिट्टीवरून अंगठा फिरवायच्या. निवृत्तीनंतर ती शिट्टी घरात वाजायची. दोन आखूड आणि एक लांब म्हणजे जेवायला या. मुंगी 'आई' म्हणायच्या आधी 'फुर्र' म्हणायला शिकली होती.

दुकानात आधीच एक गिऱ्हाईक उभं होतं. बँकेतला कारकून, सुनेच्याच तुकडीतला, रविवारी पाण्याखाली तिचा जोडीदार. वरचं माणूस म्हणून बहिणीला घेऊन आला होता. ती मोत्यांच्या रंगाच्या एका मास्कमध्ये स्वतःचा फोटो काढत होती.

"ती मोठी सुरी दाखवा ना. पायाला बांधतात ती," कारकून म्हणाला.

"कशाला?" दुकानवालीनं विचारलं.

"असू दे. वेळप्रसंग सांगून येत नाही."

"खाली कुणाशी वाकडं आहे का तुमचं?"

बहीण फिस्सकन हसली. दुकानवालीनं पिवळं दार उघडलं आणि तळहातात मावेल असं एक कटर काउंटरवर ठेवलं, आतल्या बाजूला पातं असलेलं. "खाली शत्रू एकच. तुटकी जाळी आणि मासेमारीचा दोरा. दिसत नाही, पायात अडकतो. त्याला हे पुरतं. आणि घाबरलेल्या हातात सुरी दिली तर माणूस आधी स्वतःची नळी कापतो."

कारकुनानं दोन्ही घेतलं. सुरी मनासाठी आणि कटर दोऱ्यासाठी.

"हं, आता तुम्ही," म्हणत दुकानवालीनं सुनेला जाकीट चढवलं, हातांत जाडजूड मोजे घातले आणि डोळ्यांवर टॉवेल बांधला. खिशांमध्ये, कड्यांमध्ये काय काय अडकवलं. "मी नाव घेईन, वस्तू बाहेर काढायची. खाली गढूळ असलं की असंच असतं. कटर!"

सुनेचा हात छातीशी गेला. निघालं.

"टॉर्च!"

निघाला.

"आरसा!"

आरसाही निघाला. उन्हाची तिरीप लांबच्या होडीवर मारायचा, मध्ये भोक असलेला छोटा आरसा.

"कुठं शिकलात हो हे?" दुकानवाली म्हणाली. "लोक अंगभर चाचपत बसतात, सासरवाडीला पाकीट विसरल्यासारखे."

टॉवेलमागून सून म्हणाली, "पोर कडेवर, रिक्षा दारात आणि दुपट्याच्या पिशवीत ओला रुमाल शोधायचा. एका हातानं. बघायला वेळच नसतो."

"ऐका," दुकानवाली कारकुनाला म्हणाली. "तुमचं पिशवीचं शिक्षण झालेलं नाही. तुम्ही घरी बसून सराव करायचा. आणि ती फुगवायची ट्यूब खिशाच्या तळाशी कोंबायची नाही. लागायची वस्तू आधी हाताला आली पाहिजे." कारकुनानं मान डोलावली आणि सुरीचं म्यान पायाला कसं दिसतं ते आरशात बघू लागला.

मग ट्यूब आली. गुंडाळलेली असताना पापडाच्या वळकटीएवढी, फुंकून फुगवली की माणसाच्या उंचीची. पाण्यातून वर आलं की ती उभी धरायची, म्हणजे डोक्याच्या ठिपक्याऐवजी एक खांब दिसतो.

"पडवळ आहे हे," सासूबाईंनी नाव ठेवून टाकलं.

"मग पडवळ निवडा," दुकानवाली म्हणाली. "ताई, हे नारिंगी घ्या आणि रस्त्याच्या पार टोकाला जा. काकू, तुम्ही पायरीवर पाठमोऱ्या. मी म्हटलं की वळायचं आणि शोधायचं. बघा हं, मी बोट दाखवणार नाही."

दुकानासमोरचा रस्ता बंदराच्या फाटकापर्यंत सरळसोट जात होता. सून ट्यूब बगलेत मारून निघाली. हातगाड्या, उभ्या स्कूटर, वाळत घातलेल्या चादरी. टोकाला एक सलून होतं, त्याच्या कापडी छताखाली ती उभी राहिली आणि गाल फुगवून फुंकू लागली. सलूनमधला अर्धवट दाढीचा माणूस साबणासकट बाहेर आला.

"ताई, विमान उतरवताय का?"

"सासूबाईंना दिसायचंय," ती म्हणाली आणि ट्यूब वर धरली.

"आमच्या घरी याच्या उलट असतं," तो म्हणाला आणि आत गेला.

लांबवर सासूबाई वळल्या. सुनेला त्यांची बारीकशी आकृती दिसत होती. त्यांनी डोळ्यांवर हात धरला. त्यांचं डोकं डावीकडून उजवीकडे सरकत आलं, तिच्यावर आलं, आणि तसंच पुढं गेलं.

पुन्हा तसंच. भर रस्त्यात, भर दुपारी, पायाखाली कोरडी फरशी असताना सून दिसली नव्हती. तिनं ट्यूब हलवली. सासूबाईंची मान फिरत राहिली. मग त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेऊन कातरीसारखे आडवे केले. गोल रद्द. आणि सरळ तिच्याच दिशेनं चालत आल्या, हातगाड्यांमधून वाट काढत, तरातरा.

"नारिंगी बाद," त्या आल्या आल्या म्हणाल्या आणि वर बोट केलं. कापडी छत नारिंगी होतं. "मला वाटलं सलूनचा खांब आहे."

मागून आलेली दुकानवाली हसत होती. "काकू, समुद्रात सलून नसतं. नारिंगी काही वाईट नाही."

"होडीवरच्या लाइफ जॅकेटांचा रंग कोणता?"

"नारिंगी."

"आणि ते पाण्यात तरंगणारे मोठाले गोळे, कोळी लोक जाळ्याला बांधतात ते?"

"बरेचसे नारिंगीच."

"मग? सगळं मैदान नारिंगी असताना माझी खेळाडू मला वेगळ्या जर्सीत हवी."

दुकानवालीनं हसणं थांबवलं आणि सासूबाईंकडे नीट बघितलं. मग पिवळी ट्यूब आणायला स्वतः वळली, तर सासूबाई म्हणाल्या, "थांबा. आणि हिला उभी काय करता? पाण्यात ही काय उभी असणार आहे? डोकंच वर असेल ना?"

पिवळ्या ट्यूबच्या वेळी सून एका हातगाडीमागं उकिडवी बसली. आखूड पिवळी बाद झाली, हातगाडीवरच्या मालाच्या वर जेमतेम आली. लांब पिवळीच्या वेळी तिनं ती उभी केली मात्र, रस्त्याच्या त्या टोकाकडून दोन आखूड आणि एक लांब शिट्टी आली. जेवायला या. हातगाडीवाल्यानं आपसूक डबा उघडला.

शिट्टीची पाळी आली तेव्हा मात्र गाडं अडलं. दुकानवालीनं एक चपटी प्लास्टिकची शिट्टी पुढं केली. सासूबाईंनी ती उलटीपालटी केली, खाली ठेवली आणि गळ्यातली पितळी शिट्टी काढली. सुनेनं लग्न होऊन आल्यापासून तो गळा कधी रिकामा बघितला नव्हता.

"हिच्या खांद्याला ही बांधा."

"काकू, आत दाणा आहे ना? कॉर्कचा?" दुकानवाली जपून बोलली. "भिजला की फुगतो. मग हवा जाते, आवाज येत नाही. ही बिनदाण्याची आहे, पाणी झटकलं की वाजते."

"माझी पावसात वाजलीय. चिखलात वाजलीय. दगड येत होते तेव्हा वाजलीय."

"पावसात तुम्ही ती मुठीत धरत असाल. ही बुडणार आहे."

दोघींनी सुनेकडे बघितलं.

आता सुनेला दुकानवालीचं पटलं होतं. मास्तरांनीही वर्गात हेच सांगितलं होतं. पण तो रिकामा गळा, आणि शिट्टी धरलेला तो पुढं आलेला हात. एवढी मोलाची वस्तू कुणी आपल्याला देतंय आणि आपण म्हणायचं, नको, प्लास्टिकची बरी?

"आईंचीच बांधा," ती म्हणाली.

दुकानवालीनं उसासा टाकून बांधली. पण पिशवी भरताना तिनं ती प्लास्टिकचीही आत टाकली. "ट्यूबबरोबर येतेच ती," छताकडे बघत म्हणाली.

शनिवारी सकाळी सासूबाई मुंगीला अंघोळ घालत होत्या. जाकीट दोरीवर वाऱ्याला टाकलं होतं. त्यावरून मुंगीनं शिट्टी कधी काढली आणि न्हाणीत कधी नेली, कुणाला कळलं नाही. सून बाहेर कपड्यांच्या घड्या घालत होती. आतून मुंगीचं गाणं चाललं होतं, तांब्या वाजत होता. मग सासूबाईंचा आवाज, "अगं बया! बादलीत? कधीपासून?" आणि मग, सवयीनं, त्यांनी शिट्टी फुंकल्याचा आवाज.

फुस्स.

पुन्हा फुस्स. मुंगी खदखदून हसली. "फुर्र गेली! आजी, फुर्र गेली!"

सुनेच्या हातातली घडी तशीच राहिली. आत शिट्टी झटकल्याचा आवाज आला, नळावर आपटल्याचा आला. परत फुस्स. सुनेला आत जावंसं वाटलं आणि जाववेना.

थोड्या वेळानं सासूबाई बाहेर आल्या. बाह्या ओल्या, कडेवर टॉवेलात गुंडाळलेली मुंगी, हातात शिट्टी. सरळ दोरीपाशी गेल्या. जाकिटाचा खांदा चाचपला, मग पिशवीतून प्लास्टिकची शिट्टी काढून ती तिथं बांधू लागल्या. गाठ मारताना म्हणाल्या, "बाद."

"काय, आई?"

"माझी शिट्टी. बाद." मग वळल्या. "तुला माहीत होतं?"

सुनेनं मान खाली घातली. "हो."

"मग तोंडात काय गुळणी धरली होतीस?"

"तुमची शिट्टी, आई. तुम्ही गळ्यातून काढून दिलीत. कसं नाही म्हणू?"

"म्हणजे माझा मान राखायला तू मुकी शिट्टी घेऊन समुद्रात जाणार होतीस!" सासूबाईंचा आवाज चढला. मुंगीनं टॉवेल डोक्यावर ओढून घेतला. "अगं, मान राखायचा तर कोरड्यात राख ना! मी चहात साखर जास्त घालते तेव्हा गोड मानून पी, तो मान. हे कसलं खूळ?" त्यांनी खिशात हात घालून काही काढल्यासारखं केलं आणि रिकामा हात सुनेपुढं उंच धरला. "पिवळं कार्ड. पुन्हा असं केलंस तर घराबाहेर."

सून हसायला गेली आणि तिला रडू आलं. ते इतकं अचानक आलं की सासूबाई गाठ सोडून खाली तिच्याशेजारी घड्यांवरच बसल्या. आणि मग सुनेनं सांगितलं. नाकातलं रक्त, इंजिनाची घरघर, हवेत विरून गेलेली हाक. "कुणीच बघत नव्हतं हो माझ्याकडे. कुणाची चूक नव्हती. पण कुणीच बघत नव्हतं. रविवारी तसं झालं तर मी सोडणार आहे. गुडघा दुखतो म्हणून सांगणार होते तुम्हाला."

सासूबाईंनी मुंगीचे केस पुसायला घेतले.

"नवीन पंचाला पहिली गोष्ट काय शिकवतात माहितीय?" त्या म्हणाल्या. "चेंडूकडे सगळं मैदान बघतं. तिथं एक डोळा पुरतो. दुसरा, चेंडू नसतो तिकडं ठेवायचा. लाथा तिथं बसतात, माणसं तिथं पडतात." त्यांनी मुंगीच्या नाकावर टॉवेल टेकवला. "या घरात चेंडू ही. हिला शिंक आली तर चार माणसं धावतात. मीही धावते. पण तू रात्री उभ्यानं जेवतेस, ते मला दिसतं. मत्स्यालयात मासे कसे होते ते विचारशील तर मला नाही सांगता येणार. मी तुला बघत होते."

सुनेनं मुंगीच्या केसांतला गुंता हातात घेतला.

"दे इकडं," सासूबाई म्हणाल्या. "मला दाखव कसा सोडवतेस. एकटीनंच काय मक्ता घेतलायस?"

रविवारी समुद्र शांत होता. होडीवर नारिंगी जाकिटांची गर्दी होती आणि सासूबाई त्यात फळीवर ताठ बसल्या होत्या, जशा एखाद्या अंतिम सामन्याला. प्लास्टिकची शिट्टी सुनेच्या खांद्यावर होती. पितळी, उन्हात वाळवून बरी झालेली, पुन्हा आपल्या जागी, सासूबाईंच्या गळ्यात.

"हवा निम्मी झाली की मास्तरांना दाखवायची. ट्यूबच्या दोरीचं रीळ अडकलं तर सोडून द्यायचं, अंगाला बांधायचं नाही. वर येताना घाई नाही," सासूबाईंनी वर्ग न करता सगळं पाठ केलं होतं.

"हो आई."

"आणि मजा कर."

खाली जे होतं ते सुनेला नंतरही कधी नीट सांगता आलं नाही. निळं होतं, आणि शांत होतं, आणि स्वतःच्या श्वासाचा आवाज होता. खडकाच्या कपारीतून एक कासव निघालं, जुन्या घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखं सावकाश, तिच्या इतक्या जवळून गेलं की त्याच्या पाठीवरचं शेवाळ मोजता आलं असतं. जोडीदाराला ते दाखवायला ती वळली तर त्याचे डोळे मास्कमध्ये मोठाले झाले होते. आनंदानं तो भसाभस हवा ओढत होता. लवकरच त्याचा काटा खाली आला. मास्तरांनी दोघांना वर जायची खूण केली. ज्यांची हवा आधी संपत येते त्या जोडीनं वर जायचं, असंच ठरलं होतं. कासव मात्र बाकीच्यांच्या मागं, होडीच्या दिशेनं गेलं.

दोघं वर आली तेव्हा होडी नव्हती. म्हणजे होती, पण जिथं असायला हवी होती तिथं नव्हती. प्रवाहानं त्यांना कधी बाजूला नेलं, कळलंच नव्हतं. होडी लांब होती, ऊन थेट पाण्यावर पडून डोळे दिपत होते, आणि होडीवरची सगळी नारिंगी माणसं पलीकडच्या कठड्याशी दाटीवाटीनं वाकली होती. सगळ्यांच्या पाठी इकडं.

"काय बघतायत?" कारकून धापा टाकत म्हणाला. "अहो! इकडं!" मग अंगभर चाचपत ट्यूब शोधू लागला. आधी सुरी निघाली. मग टॉर्च. ट्यूब खिशाच्या तळाशी होती. ती निघता निघता हातातून सुटली आणि खाली गेली.

सुनेचे हात स्वतःहून कामाला लागले होते, पोर कडेवर असल्यासारखे. कडी सुटली, वळकटी उलगडली, तिनं फुंकली, पुन्हा फुंकली, आणि पिवळा खांब डोक्यावर उभा केला. "मला धरून राहा," ती कारकुनाला म्हणाली. मग खांद्यावरची शिट्टी झटकून तोंडात धरली आणि जीव खाऊन फुंकली. कर्कश, भोंग्यासारखा आवाज निघाला. सासूबाई म्हणाल्या असत्या, काय हे बेसूर.

एकही नारिंगी पाठ वळली नाही.

ती पुन्हा फुंकायला श्वास घेत होती, तेवढ्यात पाण्यावरून आलं. दोन आखूड. एक लांब.

जेवायला या.

डोळे किलकिले करून तिनं बघितलं. त्या सगळ्या पाठींच्या अलीकडं, होडीच्या या बाजूला, एकटी एक आकृती उभी होती. एक हात सरळ तिच्याकडे रोखलेला, पंच पेनल्टीची जागा दाखवतो तसा. तो हात खाली आला नाही. होडीवाला धावत आला, इंजिन सुरू झालं, होडी वळली, तरी तो हात तिच्यावरच राहिला, होडीबरोबर फिरत.

"शिट्टी वाजली की जेवण?" कारकून तिच्या खांद्याला लोंबकळत म्हणाला. "आमच्या घरी कुणी असं बोलावत नाही."

"या एकदा," ती म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं.

शिडीवरून तिला ओढून घेताना सासूबाईंनी आधी तिचे दोन्ही कान धरून चेहरा न्याहाळला. मग म्हणाल्या, "केवढी ऑफसाइड गेली होतीस गं!"

"तुम्ही कधी बघितलंत?"

"डोकं बाहेर आलं तेव्हाच. पण म्हटलं, बघू तर, सामान वापरते का नुसतीच ओरडते." हे बोलताना त्यांचा हात तिच्या मनगटावर घट्ट होता. तो तसाच राहू दिला दोघींनी.

कारकुनाची बहीण मोबाइल नाचवत आली. "अय्या, तुम्ही नव्हतात! एवढं मोठं कासव आलं होतं! अगदी होडीला लागून! सगळ्यांना दिसलं!"

"सगळ्यांना?" सुनेनं सासूबाईंकडे बघितलं.

सासूबाईंनी गळ्यातली शिट्टी आत सरकवली. "लोक ओरडले खरे मागं. मी पाठमोरी होते."

"आयुष्यात कधी बघितलंय का तुम्ही कासव? समुद्रातलं?"

"नाही बाई. कुठलं बघतेय." त्यांनी खांदे उडवले. मग जरा सरकून फळीवर जागा केली, टॉवेल तिच्या डोक्यावर टाकला आणि खसाखसा केस पुसू लागल्या. "तुला दिसलं का खाली?"

"दिसलं."

"मग सांग की. कसं होतं?"

सूट अजून गळत होता, दात वाजत होते, होडी बंदराकडे वळली होती. सुनेनं दोन्ही हात पुढं पसरले, सावकाश, फार सावकाश, पाण्यातल्यासारखे हलवले आणि सांगायला सुरुवात केली.